वावरात सापडलेलं हाड आणि सह्याद्रीचं वय

आमचं गावचं घर दोनशे वर्षांचं, असं काका सांगायचे. पेशवाई बुडाली त्या सुमाराचं. गेल्या उन्हाळ्यात माजघराची मधली भिंत उतरवली तेव्हा मातीतून तीन नाणी निघाली: एक भोकाचा पैसा, एक कडेला पाकळ्या असलेलं 'दहा नये पैसे'चं आणि एक षटकोनी, हलकंफुलकं, ॲल्युमिनियमचं तीन पैशांचं. तिन्हींवरची सालं झिजून गेली होती, पण त्यामुळे फारसं अडलं नाही. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. 'नये पैसे' १९५७ साली आले आणि १९६४ साली त्यातला 'नये' गेला. तीन पैशांचं नाणं १९६४ च्या आधी नव्हतंच. म्हणजे ही भिंत १९६४ च्या आधीची असणं शक्य नाही. काकांनी नाणी उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "भिंत नंतर डागडुजी केलेली असेल रे."

काकांच्या या म्हणण्याकडे पुढे परत येऊ, कारण भूशास्त्रज्ञही अगदी हीच शंका काढतात.

डायनासोरच्या हाडावरून खडकाचं वय काढतात ते याच पद्धतीनं. हाडावर साल नसतं. ज्या कार्बन-१४ चं नाव सगळ्यांना पाठ असतं, तो पन्नासेक हजार वर्षांत इतका कमी होतो की मोजायला काही उरत नाही, आणि इथे हिशेब कोटींचा आहे. उरते ती फक्त जात. हाड कोणाचं, आणि तो प्राणी पृथ्वीवर कधीपासून कधीपर्यंत होता? या 'कधीपासून कधीपर्यंत'ला मी इथे वावरकाळ म्हणतो. विदर्भात शेताला वावर म्हणतात आणि पुढची बरीचशी गोष्ट विदर्भातल्या वावरांतच घडते, म्हणून मला हा शब्द जास्तच जवळचा वाटतो.

आधी क्रम, मग साल

ही युक्ती ज्याच्या नावावर जमा आहे तो विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) इंग्लंडमध्ये कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करत असे. कालवा खणताना डोंगर कापला जातो आणि आतले थर उघडे पडतात. स्मिथच्या लक्षात आलं की दिसायला सारख्याच दोन चुनखडींत शंख-शिंपले मात्र वेगवेगळे असतात, आणि खालून वर जाताना त्यांचा क्रम कुठेही बदलत नाही. वीस कोसांवर दुसरा डोंगर कापला तरी तोच क्रम. या जोरावर १८१५ मध्ये त्यानं इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. त्यातला कुठला थर किती वर्षांचा, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. घरात थोरलं कोण, धाकटं कोण हे कळायला जन्मदाखले लागतात थोडेच!

ट्रायासिक, जुरासिक, क्रेटेशियस ही एकामागून एक आलेल्या कालखंडांची नावं एकोणिसाव्या शतकात याच क्रमावरून पडली. त्यांना आकडे चिकटले ते विसाव्या शतकात, किरणोत्सार कळल्यावर. ज्वालामुखीच्या राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, त्यात थोडं युरेनियम असतं आणि ठरलेल्या गतीनं त्याचं शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की राख कधी पडली ते कळतं.

मग हाडाभोवतीच्या वाळूतलेच झिरकॉन का मोजत नाहीत? कारण ती वाळू कुठल्यातरी जुन्या डोंगराची झीज असते. तिचे झिरकॉन डोंगराचं वय सांगतील, नदीनं ती वाळू टाकली कधी हे नाही. म्हणून राखेचाच थर लागतो, आणि तो हाडाच्या वर एक आणि खाली एक मिळाला तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेत मोंटाना आणि आसपासच्या राज्यांत असे थर आहेत. टायरॅनोसॉरस रेक्स ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वावरला, हे आपण छातीठोकपणे म्हणतो ते त्या राखेच्या भरवशावर.

जिथे राख नाही तिथे काय करायचं? शेजारून वाटीभर साखर आणतो तसं वय उसनं आणायचं. अमुक प्राण्याचा वावरकाळ राखेच्या मुलखात ठरलेला आहे, तोच प्राणी माझ्या राख नसलेल्या टेकडीत सापडला, म्हणजे माझी टेकडी त्या काळातली. संपूर्ण पद्धत एवढीच. तिची ताकद आणि तिच्यातल्या चुका या उसनवारीतच आहेत, आणि भारतातल्या खडकांच्या बाबतीत या चुका चांगल्या पन्नास वर्षं पुरल्या.

एका प्राण्यापेक्षा तीन प्राणी बरे. समजा एकाच चिखलात तीन प्राणी पुरले गेले. पहिल्याचा वावरकाळ ८ ते ६.६ कोटी, दुसऱ्याचा ७ ते ५ कोटी, तिसऱ्याचा ७.५ ते ६.८ कोटी. तिघं एकाच वेळी जिवंत असतील असा काळ फक्त ७ ते ६.८ कोटी. एकेकट्याचा अंदाज सत्तर लाख ते दोन कोटींनी सैल, तिघांचा मिळून वीस लाखांवर आला. आमच्या भिंतीतल्या नाण्यांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण भोकाचा पैसा टाकसाळीतून बाहेर पडल्यावर पुढे कित्येक वर्षं कुणाच्या तरी डब्यात पडून राहू शकतो. प्राणी मरतो एकदाच. अर्थात मेल्यानंतर त्याचं हाड मात्र नाण्यासारखं फिरू शकतं.

ओळख किती बारीक?

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली गावाजवळ १९६० च्या आगेमागे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी लांब मानेच्या, चार खांबांसारख्या पायांच्या डायनासोरची भरपूर हाडं खणून काढली. नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. 'बडा पाय' म्हणून बारापा, आणि १९६१ हे टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून टागोराय. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव आणि पिसदुरा ही गावं आहेत. तिथेही लांब मानेच्या, खांबासारख्या पायांच्या डायनासोरची हाडं मिळाली. डोंगरगावच्या सांगाड्याचं आजचं नाव आयसिसॉरस, आणि त्यातलं 'आयसि' म्हणजे त्याच संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं.

दोन्ही प्राणी सॉरोपॉड गटातले. चित्रात शेजारी उभे केले तर शाळकरी मुलगा दोघांना एकच म्हणेल. पण सिरोंचाचे खडक बहुतेक अभ्यासक सुरुवातीच्या जुरासिकमध्ये ठेवतात, ढोबळमानानं १८ कोटी वर्षांपूर्वीचे. पिसदुऱ्याचे पावणेसात कोटींच्या आसपासचे. मध्ये अकरा कोटी वर्षं गेली. 'सॉरोपॉडचं हाड मिळालं' एवढ्यावर थांबलात तर खडकाच्या वयाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, कारण त्या गटाचा वावरकाळच अवाढव्य आहे. मणक्याचा सांधा पुढून खोलगट आहे की मागून, आतून हाड पोकळ आहे का, अशा खाणाखुणांवरून कूळ, मग जात अशी ओळख बारीक करत नेली तरच वय आवळत येतं. आणि सिरोंचाच्या खडकांना जुरासिकमध्ये बसवायला मोठा हातभार लावला तो तिथल्या कोटा गावच्या चुनखडीत सापडलेल्या, चकचकीत खवल्यांच्या माशांनी. डायनासोरच्या आधी वय ठरवण्याचा मान माशांना मिळाला होता.

खरं तर डायनासोर हे या कामाला तसे गैरसोयीचेच. ते जमिनीवर राहायचे, संख्येनं कमी, एका खंडातला दुसऱ्या खंडात क्वचितच, आणि मेल्यावर गाळात पुरला जाऊन टिकणारा लाखात एखादा. तारीख ठरवायला हवा असा जीव, जो भराभर बदलत गेला, सगळीकडे पसरला आणि ढिगांनी सापडतो. असा जीव कदाचित तुमच्या देवघरात असेल. गंडकीच्या खोऱ्यातून येणारे चक्रांकित शाळिग्राम हे बहुतांशी अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचे, जुरासिक काळातले ठसे असतात. अमोनाइटच्या शंखावरच्या रेषांची नक्षी इतक्या लवकर बदलत गेली की त्यावरून काही लाख वर्षांच्या आत वय सांगता येतं. कच्छचे जुरासिक थर असेच लावले गेले. देवघरातल्या त्या काळ्या गोट्याला भूशास्त्राच्या दृष्टीनं रेक्सच्या आख्ख्या कवटीपेक्षा जास्त किंमत आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

काळ्या दगडाचं कोडं

सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा लाव्हा पसरलेला आहे, पश्चिम घाटात थर एकावर एक धरले तर दोन-तीन किलोमीटर जाडी भरते. हा लाव्हा ओतला गेला कधी? हा साधा प्रश्न विसाव्या शतकात भलताच चिघळला.

लाव्हात जीवाश्म नसतात, वितळलेल्या दगडात काय टिकणार! पण लाव्हा सलग वाहिला नाही. एक थर आला, थंडावला, मध्ये हजारो वर्षं गेली. त्या काळात खोलगट जागी तळी साचली, त्यात गोगलगायी, बेडूक, मासे आले, काठावर झाडं वाढली, गाळ बसला. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. काळ्या दगडाच्या दोन पोळ्यांमध्ये पुरण भरावं तसे हे गाळाचे पातळ थर आहेत, त्यांना आंतरट्रॅपी म्हणतात. आणि अगदी तळाशी, पहिला लाव्हा यायच्या आधीच्या जमिनीवर जे नदी-तळ्यांचे गाळ होते, ते लॅमेटा थर, जबलपूरच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून पडलेलं नाव.

लॅमेटातली डायनासोरची हाडं फार आधी सापडली. १८२८ मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमनला, तोच तो ठगांचा बंदोबस्त करणारा, दगड झालेली हाडं मिळाली. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दही जन्मला नव्हता. नागपूरकडे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज शहरात आहे, पिसदुऱ्याची हाडं आणि टाकळीचे शंख गोळा केले. नांगरट झाली, पाऊस पडून गेला की वावरातल्या मातीतून हाडांचे तुकडे वर यायचे. त्यांच्याबरोबर लांबट, गाठीगाठींचे तपकिरी दगडही. हे दगड म्हणजे प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. तिच्याकडेही परत येऊ.

१९३३ मध्ये जर्मनीचे फ्रीडरिश फोन ह्यूने आणि इंग्रज भूशास्त्रज्ञ चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या हाडांवर मोठा ग्रंथ काढला. हाडं मोडकी, एकाही प्राण्याचा पूर्ण सांगाडा नाही. त्यांनी ती इतर देशांतल्या डायनासोरांशी ताडून पाहिली आणि लॅमेटाचं वय क्रेटेशियसच्या मध्यावर, आजच्या आकड्यांत सुमारे ९ कोटी वर्षं, असं ठरवलं. उसनवारी केली, पण ज्याच्याशी तुलना केली तेही धड माहीत नसलेले प्राणी होते.

दुसऱ्या बाजूला लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी. छिंदवाड्याच्या बाजूला आंतरट्रॅपी थरांत त्यांना ताडकुळातल्या वनस्पती, नीपा या खाजणातल्या ताडासारखी फळं, ॲझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं असे अवशेष मिळाले. तशीच नीपाची फळं लंडनच्या मातीत इओसीन काळातली म्हणून प्रसिद्ध होती, डायनासोर संपल्यानंतर कोटभर वर्षांनी आलेली. म्हणून १९३४ पासून साहनींनी भक्कमपणे मांडलं की लाव्हा क्रेटेशियसचा नाहीच, त्यानंतरचा आहे. हिस्लॉपांनाही शंखांवरून असंच वाटलं होतं.

म्हणजे तळाशी ९ कोटी, मध्ये ५-५.५ कोटी. दोन्ही खरं धरायचं तर लाव्हा तीन-चार कोटी वर्षं थांबत-थांबत ओतला गेला असं मानावं लागतं, आणि तसं मानलंही गेलं. लाव्हाचीच किरणोत्सारी वयं काढण्याचे सुरुवातीचे प्रयत्न झाले, तर आकडे कोट्यवधी वर्षांनी इकडेतिकडे. आपल्याकडच्या पावसानं मुरलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे या काळ्या दगडातून, ज्यावरून वय मोजतात तो अर्गॉन वायूच निसटतो आणि घड्याळच चुकतं.

पाकटाचा दात

गुंता सुटला तो १९८० च्या दशकात, आणि त्याचं श्रेय मी एखाद्या बलदंड डायनासोरला देणार नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी नागपूर, आसिफाबाद अशा ठिकाणची आंतरट्रॅपी माती पोत्यांनी आणून पाण्यात भिजवत, बारीक चाळणीतून धूत आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाणा-दाणा निवडत. आईनं तांदूळ निवडावेत तसं. त्यात मिलिमीटरभर आकाराचे दात, खवले, अंड्यांच्या कवचाच्या कपच्या मिळाल्या. दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. एक, डायनासोरच्या अंड्यांची कवचं आणि दात चक्क दोन लाव्हांच्या मधल्या गाळात होते. म्हणजे लाव्हा सुरू झाला तेव्हा डायनासोर जिवंत होते आणि दोन ओतांच्या मधल्या काळात अंडीही घालत होते. दोन, इग्डाबाटिस नावाच्या माशाचे चपटे दात. कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्या कुळातला हा मासा आफ्रिकेतल्या नायजर देशात मास्ट्रिक्टियन काळातल्या थरांतून माहीत होता. मास्ट्रिक्टियन म्हणजे क्रेटेशियसचा शेवटचा तुकडा, ७ कोटी २० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षं.

लॅमेटाच्या डायनासोरांचाही फेरविचार झाला आणि तेही ९ कोटींवरून मास्ट्रिक्टियनमध्ये खाली आले. तळ आणि मधले थर यांच्यातलं कोट्यवधी वर्षांचं अंतर गळून पडलं. गंमत म्हणजे अशोक साहनी हे बिरबल साहनींचे सख्खे पुतणे. काका-पुतण्याचे वाद महाराष्ट्राला नवे नाहीत, पण हा दगडांतून सुटला.

तरीही मास्ट्रिक्टियन म्हणजे साठ लाख वर्षांची खिडक. लाव्हा त्यात कधी? इथे चुंबकत्व कामाला आलं. लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला तोंड करून गोठतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, शेवटचे उलटले ते सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. या उलटापालटीचा इतिहास समुद्रतळावरून पट्ट्यापट्ट्यांत माहीत आहे, किराणा मालाच्या पुड्यावर बारकोड असतो तसा. दख्खनच्या लाव्हात तळाला थोडा सुलट पट्टा, मग घाटाचा बहुतेक सगळा जाड भाग उलट, वर पुन्हा थोडा सुलट. सगळे मिळून तीनच पट्टे. पण बारकोडमध्ये सुलट-उलट-सुलट असे तुकडे कितीतरी आहेत. यातला आपला कुठला? चुंबकसूचीला हे सांगता येत नाही. जीवाश्मांना येतं.

डायनासोर आणि पाकट सांगत होते की सुरुवात मास्ट्रिक्टियनमध्ये आहे. पुढे २००८ मध्ये गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रवरमच्या खाणींत, लाव्हाच्या खालच्या आणि वरच्या थरांमध्ये समुद्रातल्या सूक्ष्म कवचधारींचे असे अवशेष मिळाले जे डायनासोर संपल्यानंतर लगेचच्या काळातले होते. म्हणजे क्रेटेशियसमध्ये सुरू होऊन त्यानंतरच्या काळात संपणारा उलट पट्टा हवा, आणि असा बारकोडमध्ये एकच आहे. त्याला २९-आर म्हणतात, लांबी सहा-सात लाख वर्षांच्या आसपास. फ्रान्सचे व्हिन्सेंट कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म, चुंबकत्व आणि लाव्हाची वयं एकत्र जुळवून १९८६ मध्येच हे सुचवलं होतं. ज्याला तीन-चार कोटी वर्षं लागली असं समजलं जायचं, तो लाव्हा काही लाख वर्षांत आटोपला होता.

मग २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोनी यांच्या गटानं घाटातल्या तांबड्या पट्ट्यांतून झिरकॉन काढले. घाट चढताना काळ्या कातळांच्या मध्ये विटेच्या रंगाचे पट्टे दिसतात तेच हे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत झिजलेली माती आणि तिच्यात मिसळलेली राख. वयं आली ६ कोटी ६३ लाखांपासून पुढे, मुख्य लाव्हा जेमतेम साडेसात लाख वर्षांत. चाळणीतल्या दातांनी दाखवलेली जागा तीस वर्षांनी झिरकॉननं मान्य केली. डायनासोर जिच्यामुळे संपले असं मानतात ती मेक्सिकोतली उल्का पडली त्याच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर अजून भांडण चालू आहे, पण ते आता हजारांच्या हिशेबातलं आहे, कोटींच्या नव्हे.

"खडकावरून हाडाचं वय आणि हाडावरून खडकाचं, हा तर गोल गोल फिरणारा वाद!" असा आक्षेप नेहमी येतो. मोंटानाची राख, समुद्रतळाचा बारकोड आणि घाटातले झिरकॉन एकमेकांना न विचारता एकाच आकड्यावर येतात, त्यामुळे तो मला टिकणारा वाटत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे: वय कुणाकडून उसनं आणलं? त्या काळी भारत समुद्रात एकटा उत्तरेला सरकत होता. लंडनच्या नीपाचा वावरकाळ छिंदवाड्याच्या नीपाला लावणं म्हणजे पुण्याच्या रेल्वेचं वेळापत्रक घेऊन रत्नागिरीच्या एसटीची वाट पाहणं. बिरबल साहनींचं झाडं ओळखण्यात काही चुकलं नव्हतं, त्यांनी आणलेली साखर दुसऱ्या घरची होती.

पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या विष्ठेनं हेच आणखी ठळक केलं. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती फोडून तपासली, तर आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण, चक्क भाताच्या कुळाच्या जवळपासचे. तोवर गवताचा खात्रीचा वावरकाळ साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीपासून सुरू होतो असं धरत. म्हणजे २००५ च्या आधी एखाद्यानं नुसत्या गवताच्या खुणांवरून पिसदुऱ्याचं वय काढलं असतं, तर डायनासोर संपल्यानंतरचं, असंच उत्तर आलं असतं. वंदना प्रसाद काम करत होत्या ती संस्था बिरबल साहनींच्याच नावाची, लखनौची.

कडा

वावरकाळाचं पहिलं आणि शेवटचं टोक सगळ्यात कच्चं असतं. शेवटचा सापडलेला प्राणी हा शेवटचा जिवंत प्राणी असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. १९८२ मध्ये सिग्नॉर आणि लिप्स या दोघांनी हे नीट मांडलं: जीवाश्म जितके विरळ, तितका तो प्राणी प्रत्यक्षापेक्षा आधीच संपल्यासारखा दिसतो. मोंटानात क्रेटेशियस जिथे संपतो त्या सीमेच्या खालच्या तीन मीटरमध्ये डायनासोर मिळत नाहीत, म्हणजे ते उल्केच्या आधीच संपले होते, असा युक्तिवाद बरीच वर्षं चालला. २०११ मध्ये शिंगवाल्या डायनासोरचं एक शिंग सीमेच्या फक्त १३ सेंटिमीटर खाली मिळालं आणि तीन मीटरच्या दाव्याची हवा गेली.

उलट दिशेची फसगत म्हणजे जुनं हाड नव्या थरात. नदी जुना काठ कापते, त्यातले दात सुटून वाहतात आणि लाखो वर्षांनी नव्या गाळात बसतात. मोंटानातल्याच बग क्रीक इथे डायनासोरचे दात आणि नंतरच्या काळातल्या सस्तन प्राण्यांचे दात एकाच नदीपात्राच्या वाळूत मिसळलेले आढळतात. भिंतीतला भोकाचा पैसा तो हाच. अशा मिसळीत भाव द्यायचा तो सगळ्यात तरुण जीवाश्माला. आणि काकांची डागडुजीची शंका म्हणजे याच्या उलट: जुन्या थरात नंतर बीळ पडलं, भेग पडली आणि वरचं तरुण काहीतरी आत घुसलं. म्हणून खणणारे हाडाआधी भोवतालची माती बघतात, थर अखंड आहे की मध्येच रंग बदलतो ते.

मुंबईचं उदाहरण घ्या. मलबार हिल आणि वरळीकडच्या आंतरट्रॅपी थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे भरपूर मिळाले. रिचर्ड ओवेन, ज्यांनी 'डायनासोर' हा शब्द घडवला, त्यांनीच १८४७ मध्ये या बेडकांचं वर्णन केलं. या थरांत कासवं आहेत, बेडूक आहेत, डायनासोर नाही. मुंबई परिसरातल्या बऱ्याच ज्वालामुखी खडकांची वयं सव्वासहा कोटींच्या आसपास येतात, म्हणून हे नसणं कुणाला खटकत नाही. पण निव्वळ नसण्यावरून कुणी वय ठरवत नाही, कारण तळ्याच्या चिखलात डायनासोर न सापडायला हजार कारणं असू शकतात.

समजा उद्या वरळीला पाया खणताना त्याच थरात डायनासोरचा एक दात निघाला. वर्तमानपत्रात मथळा येईल, पण खडकाचं वय लगेच बदलणार नाही आणि डायनासोरचा वावरकाळही पस्तीसेक लाख वर्षांनी लांबणार नाही. कुणीतरी तो दात भिंगाखाली धरील आणि पहिली गोष्ट पाहील ती म्हणजे त्याच्या करवतीसारख्या कडा अजून धारदार आहेत, की वाहून वाहून गोटा झाल्यात.